आधी बॅटरी, मग थेंब

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत एका वाचकाचा प्रश्न होता : ‘तीन दिवस झाले, उजवा डोळा लाल आहे, पाणी येतं, उजेडाकडे बघवत नाही. काय करावं?’ खाली उत्तर होतं : ‘डोळे आले असावेत. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब दिवसातून चार वेळा, पाच दिवस टाकावेत.’ मी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तेच होतं.

गेली ३१ वर्षं मी लोकांचे डोळे तपासते आहे. त्या दोन ओळींचा समाचार दोन ओळींत घेता आला असता तर बरं झालं असतं, पण तसं जमेना. पत्र लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

मुळात त्या वाचकाने अर्धं निदान स्वतःच लिहून पाठवलं होतं. ‘उजवा डोळा’, म्हणजे एकच. आणि ‘उजेडाकडे बघवत नाही’. डोळे येतात ते बहुतेक वेळा अ‍ॅडेनोव्हायरसमुळे. सुरुवात एका डोळ्यात होते, पण दोन-चार दिवसांत बहुधा दुसराही धरतो. घरात किंवा कामाच्या ठिकाणी आणखी कुणाचे तरी आलेले असतात, सकाळी पापण्या चिकटतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, कानापुढे बोटाने चाचपलं तर कधी बारीक गाठ हाताला लागते. उजेड लागताच डोळा गच्च मिटून घ्यावा लागतो, असं मात्र साध्या डोळे येण्यात सहसा होत नाही. ते होतं तेव्हा दुखणं वरच्या पातळ आवरणात नसून बुबुळावर (म्हणजे समोरच्या पारदर्शक काचेवर) किंवा त्याच्याही आत असेल, ही शंका आधी घ्यायची असते. आणि खरोखर डोळे आले असतील तर या थेंबांचं तिथे कामच नाही. विषाणूला अँटिबायोटिक लागू पडत नाही. एक ते तीन आठवड्यांत ते आपलं आपण जातं. थंड पाण्याच्या पट्ट्या, कृत्रिम अश्रूंचे थेंब, वेगळा टॉवेल आणि साबणाने धुतलेले हात, एवढ्यावर भागतं. (हात धुण्याचा सल्ला आम्हा डॉक्टरांनाही तितकाच लागू आहे. हा विषाणू तपासणाऱ्याच्या बोटांवरून आणि दाब मोजायच्या उपकरणावरूनही पसरतो.)

आता जे प्रश्नात नव्हतं, त्याबद्दल. त्या डोळ्याने दिसतं किती? कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का? काही उडून लागलं होतं का? पूर्वी याच डोळ्याला असं झालं होतं का? यातला एकही प्रश्न न विचारता थेंब सांगणं म्हणजे दाराबाहेर उभं राहून घरातल्या माणसाची नाडी बघणं.

आमच्या कामाची सुरुवात कुठल्याही मोठ्या यंत्राने होत नाही, ती भिंतीवरच्या तक्त्याने होते. हर्मन स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ साली तो तयार केला आणि आजही तो वापरात आहे. एक डोळा झाकायचा, सहा मीटरवरून वाचायचं, मग दुसरा. कमी दिसत असेल तर पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक भोकातून पुन्हा वाचायला लावायचं. भोकातून सुधारलं तर दोष बहुधा नंबरचा. नाही सुधारलं तर आत काहीतरी आहे. या कामाला दोन मिनिटं लागतात. तरीही ‘डोळा तपासला’ असं लिहिलेल्या आणि नजर किती याचा आकडा नसलेल्या चिठ्ठ्या माझ्याकडे आठवड्याला येतात. त्या चिठ्ठ्यांवर माझा विश्वास नसतो.

तक्त्यानंतर बॅटरी. लाली कुठे आहे? पापणीच्या आतून सुरू होऊन बुबुळाकडे फिकी होत गेलेली, की उलट, बुबुळाभोवतीच जांभळट कडं धरलेली? बाहुली गोल आहे का, दुसरीएवढीच आहे का, उजेड पडल्यावर आवळते का? बुबुळ आरशासारखं चमकतं आहे की काचेवर वाफ धरावी तसं धुरकटलं आहे? यासाठी डोळ्यांचा डॉक्टर असण्याची गरज नाही. साध्या दवाखान्यात, साध्या बॅटरीने हे दिसतं; मात्र ती डोळ्यावर मारून बघावं लागतं.

त्यानंतर निळा उजेड. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या उत्तराने सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होणार आहे.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक शिक्षक आले. एक डोळा लाल, खिशात थेंबांची बाटली. ‘हेच थेंब, मॅडम. पहिले दोन दिवस एकदम बरं वाटलं. आता दिसायला कमी आलं.’ बाटली वर्षापूर्वी त्यांच्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली. तीच, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली. मी आधी कापसाचं टोक वळून त्यांच्या चांगल्या डोळ्याच्या बुबुळाला कडेने हळूच लावलं. पापणी फटकन मिटली. आजारी डोळ्याला लावलं, तर ते माझ्याशी बोलतच राहिले. त्यांना कळलंच नाही. मग फ्लुरोसीन या रंगाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीला टेकवली. ही पट्टी केशरी असते; पूर्वी हा रंग बाटलीतून थेंबाने टाकत, पण त्या पाण्यातच जंतू वाढत, म्हणून पट्टी आली. दोनदा पापण्या मिटायला सांगितल्या, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या आमच्या सूक्ष्मदर्शकावर, निळा उजेड लावला आणि बघितलं.

बुबुळावर नागिणीच्या कुळातल्या विषाणूची, हर्पीस सिम्प्लेक्सची, जखम सुरुवातीला झाडाच्या वाळक्या फांदीसारखी दिसते. बारीक, फाटे फुटलेली, प्रत्येक फाट्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गाठ. निळ्या उजेडात ती हिरवीगार पेटते. एकदा बघितली की विसरत नाही. या शिक्षकांच्या डोळ्यात फांदी उरलीच नव्हती. कडा पसरून पसरून नकाशातल्या बेटासारखा आकार झाला होता, नेमका बाहुलीसमोर.

पहिले दोन दिवस बरं का वाटलं? कारण स्टिरॉइडने लाली दाबली, सूज दाबली. सूज आणि लाली म्हणजे शरीराचा पहारा. पहारेकरी झोपवले की घर शांत होतं आणि चोराला रान मोकळं मिळतं. हर्पीसमध्ये बुबुळाची संवेदना बोथट होते, म्हणून दुखणंही हवं तेवढं ओरडून सांगत नाही. मी थेंब बंद केले, अ‍ॅसायक्लोव्हिरचं मलम दिवसातून पाच वेळा सुरू केलं. जखम भरली, पण बुबुळावर फूल, म्हणजे पांढरट डाग, पडलं ते पडलंच. आज ते त्या डोळ्याने तक्त्यावर ६/१८ वाचतात, म्हणजे चांगल्या नजरेला अठरा मीटरवरून दिसतं ते त्यांना सहा मीटरवरून दिसतं. फांदीच्या अवस्थेतच, स्टिरॉइड न टाकता आले असते तर बहुधा ६/६ वाचले असते.

दुसऱ्याचं उणं काढते आहे तर स्वतःचंही सांगते. प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी रात्रपाळीला एक आजी आल्या होत्या. उलट्या, डोकं फुटेल इतकं दुखणं, एक डोळा लाल. पोटाच्या डॉक्टरांनी पोट बघितलं, मला बोलावलं ते डोळ्यासाठी. मी उभ्या उभ्या पापणी उचलली, लाली बघितली आणि ‘डोळे आले आहेत, थेंब द्या’ असं लिहून निघून आले. निघताना त्यांची लेक म्हणाली होती, ‘आई संध्याकाळपासून म्हणत होती, दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसतंय.’ मी ऐकलं आणि सोडून दिलं. सकाळी आमच्या सरांनी राउंडला बॅटरी मारली. बाहुली अर्धवट मोठी होऊन थिजलेली, बुबुळ धुरकट. त्यांनी माझं बोट धरून मिटल्या पापणीवर ठेवलं आणि हलकेच दाबायला लावलं. खाली गोटी होती. डोळ्याचा दाब एरवी १० ते २१ मिलिमीटरच्या आसपास असतो. आजींचा ५८ भरला. अंशाअंशाने नव्हे, एका रात्रीत उसळलेला काचबिंदू. आतलं पाणी बाहेर जाण्याचा कोपरा बंद पडला की असं होतं. उलट्या पोटामुळे नव्हत्या, दाबामुळे होत्या.

शिरेतून औषध, गोळ्या, थेंब, आणि दाब उतरल्यावर बुबुळामागच्या रंगीत पडद्याला लेसरने बारीक छिद्र, दोन्ही डोळ्यांना. दुसऱ्यालाही, कारण तिथला कोपरा तितकाच अरुंद असतो आणि एकाचं झालं की दुसऱ्याची पाळी कधी येईल सांगता येत नाही. दुसरा डोळा वाचला. पहिल्याची नस त्या आठ-दहा तासांत खूप काही गमावून बसली होती. सर मला ओरडले नाहीत. ‘बॅटरी कुठे होती तुझी?’ एवढंच विचारलं. ती एप्रनच्या खिशात होती.

हे वाचून कुणी स्टिरॉइडच्या नावाने खडे फोडायला लागेल, म्हणून लगेच सांगते : ते औषध वाईट नाही. ज्या वाचकाला तुम्ही उत्तर दिलंत त्याला कदाचित तेच लागणारही असेल. एक डोळा, उजेडाचा त्रास, बुबुळाभोवती लाल कडं, बाहुली बारीक आणि वेडीवाकडी, असं असेल तर ती डोळ्याच्या आतली सूज, युव्हायटिस. तिथे स्टिरॉइडचे थेंब चार वेळा टाकून काही होत नाही. सुरुवातीला तासातासाला टाकावे लागतात, शिवाय बाहुली मोठी ठेवणारे थेंब द्यावे लागतात, नाहीतर ती मागच्या भिंगाला चिकटून बसते. हा आजार असलेल्या तरुण मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारते : ‘सकाळी उठल्यावर कंबर आखडते का, आणि हालचाल केल्यावर मोकळी होते का?’ डोळ्याच्या डॉक्टरकडे कंबरेचं काय काम, अशा नजरेने ते बघतात. पण त्यातल्या काहींच्या मणक्याचा संधिवात पहिल्यांदा त्या प्रश्नातून सापडलेला आहे. म्हणजे तुमचे चार वेळा, पाच दिवसांचे थेंब एका आजारात घातक, दुसऱ्यात निरुपयोगी आणि तिसऱ्यात अपुरे. आणि आठवड्यांमागून आठवडे टाकत राहिलं तर साधारण तीनातल्या एकाचा डोळ्याचा दाब वाढतो. तो वाढलेला कळत नाही. पुढे मोतीबिंदूही लवकर येतो.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांचा लाल डोळा तर वेगळंच प्रकरण. लेन्स घालून झोपलेल्याच्या बुबुळावर स्यूडोमोनस हा जंतू दोन-तीन दिवसांत भोक पाडू शकतो, आणि नळाच्या पाण्याने लेन्स धुणाऱ्याला अकँथअमीबा या पाण्यातल्या सूक्ष्मजीवाचा संसर्ग होऊ शकतो, ज्यात डोळा दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतो. अशा जखमेवरून खरवडून घेतलेला नमुना काचपट्टीवर तपासल्याशिवाय, जंतू आहे, बुरशी आहे की आणखी काही, हे नुसत्या नजरेने सांगायचं धाडस मी आजही करत नाही. लेन्सवाल्याचा डोळा दुखला की लेन्स काढायची, फेकायची नाही, डबीसकट घेऊन यायची. नमुना कधी कधी डबीतच सापडतो.

आणखी एक बाटली आहे, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. डोळा बधिर करणारे थेंब. कार्ल कोलर नावाच्या डॉक्टरांनी १८८४ साली व्हिएन्नात कोकेनचा थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला, तेव्हापासून आमची निम्मी कामं सोपी झाली. वेल्डिंगचा झोत लागलेला कामगार रात्री कळवळत येतो, (त्रास लगेच होत नाही, सहा-बारा तासांनी सुरू होतो), आम्ही एक थेंब टाकतो आणि तो हसायला लागतो. मग म्हणतो, ‘हीच बाटली द्या ना घरी.’ ती द्यायची नसते. कधीच नाही. त्या थेंबाने बुबुळाची वरची कातडी भरून यायची थांबते, आणि बधिर डोळा चोळला जातो तो वेगळाच. एकाने कुठूनशी मिळवून दहा दिवस टाकली होती. त्याच्या बुबुळावर बांगडीसारखी गोल जखम होती.

रांजणवाडी, पापण्यांच्या कडांचा कोंडा, स्क्रीनकडे टक लावल्याने होणारा कोरडेपणा, यांच्यावर मी शब्द खर्च करत नाही. गरम शेक, पापण्यांची स्वच्छता आणि पापण्या मिटण्याची आठवण, एवढ्याने ते बऱ्यापैकी आटोक्यात राहतं. कोरड्या डोळ्यातून पाणी येतं हे मात्र रुग्णांना पटवून देताना दमछाक होते. आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात अचानक रक्ताचा लालभडक डाग पडला, पण दुखत नाही, नजर तशीच आहे, मार लागलेला नाही, तर तो डाग दिसायला भयंकर असला तरी निरुपद्रवी असतो. त्या माणसाचा रक्तदाब तेवढा मोजावा आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारावं.

माझी खरी भीती लाल डोळ्याची नाहीच. लाल डोळा निदान डॉक्टरच्या दारात तरी येतो. पांढराशुभ्र, न दुखणारा डोळा घरीच राहतो. मधुमेह असलेला माणूस तक्त्यावर ६/६ वाचून जातो आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके असतात. बाहुली मोठी करून बघितल्याशिवाय ते सहसा नीट दिसत नाहीत. म्हणून मध्यम वयात सुरू होणाऱ्या मधुमेहात साखर सापडली त्याच वर्षी पडदा बघायचा, आणि पुढे साधारण दरवर्षी. एका आजोबांनी मला आनंदाने सांगितलं होतं, ‘चाळिशी सुटली! चष्म्याशिवाय पेपर वाचतो.’ त्यांना वाटलं नजर परत आली. मोतीबिंदू मध्यभागी घट्ट होत गेला की डोळ्याला उणे नंबर येतो आणि जवळचं दिसायला लागतं, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. मलाच वाईट वाटलं. आणि लहान मूल. त्याचा एक डोळा तुम्ही हाताने झाकलात आणि ते खेळत राहिलं, दुसरा झाकलात आणि ते रडून हात ढकलायला लागलं, तर त्या रडण्यात निदान असतं : त्याने जो डोळा झाकू दिला नाही, त्यानेच ते बघतं. फोटोत एका बाहुलीत लाल ठिपक्याऐवजी पांढरा उजेड दिसला तर तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

थेंबांबद्दल थोडं, कारण ते औषध आहे हेच लोक विसरतात. एका वेळी एकच थेंब पुरतो, डोळ्यात जास्त मावतच नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकात उतरून रक्तात जातं. काचबिंदूसाठी टिमोलॉल देताना मी दम्याबद्दल विचारते ते याचसाठी. डोळ्यात टाकलेल्या थेंबाने छाती आवळलेली मी बघितली आहे. आणि उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकून द्यायची. शिक्षकांच्या सासऱ्यांची बाटली अठ्ठेचाळीसएक आठवडे जास्त जगली.

तेव्हा विनंती अशी, की त्या उत्तराची दुरुस्ती छापावी. मजकूर मीच देते : ‘एकच डोळा लाल असून उजेड सहन होत नसेल, दुखत असेल, दिसायला कमी आलं असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर कोणतेही थेंब न टाकता त्याच दिवशी डोळा तपासून घ्यावा. मागील अंकात सुचवलेले थेंब टाकत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावं.’ आणि त्या वाचकाचा पत्ता आपल्याकडे असेल तर रविवारची वाट न बघता आजच कळवावं. त्याचा चौथा दिवस कधीच उलटून गेला आहे. दुरुस्ती छापाल ती मूळ उत्तराच्या जागीच छापा, आणि तळाला बारीक टायपात नको. ती ज्यांनी वाचायची, त्यातल्या बऱ्याच जणांना चाळिशी लागलेली आहे.

आपली नम्र,
एक नेत्रतज्ज्ञ